विश्लेषण : मोतीबिंदूनंतर डोळ्यात भिंग बसवण्याची कल्पना कुणाची? हॅरॉल्ड रिडली यांना तीस वर्षे विरोध का झाला?

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला गेलेल्या रुग्णाला आज ‘कोणते भिंग बसवायचे’ असे विचारले जाते. भिंग बसवायचे की नाही, हा प्रश्न कुणी विचारतही नाही. मात्र १९५० च्या सुमारास डोळ्यात कृत्रिम वस्तू कायमची ठेवणे हा नेत्रतज्ज्ञांच्या दृष्टीने निव्वळ बेजबाबदारपणा होता. डोळ्यातले परके कण बाहेर काढण्यातच ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना एक सहकारी मुद्दाम तसा कण आत घालतो आहे, हे पटणे शक्य नव्हते. तो सहकारी म्हणजे ब्रिटिश नेत्रशल्यविशारद हॅरॉल्ड रिडली.

रिडली यांच्याआधी मोतीबिंदूवर काय उपाय होता?

डोळ्यातले नैसर्गिक भिंग गढूळ होणे म्हणजे मोतीबिंदू. सुश्रुतसंहितेत सुईसारख्या शस्त्राने हा अडथळा दृष्टीच्या वाटेतून बाजूला करण्याची पद्धत आहे. अठराव्या शतकात फ्रान्सच्या जॅक डेव्हिएल यांनी गढूळ भिंग डोळ्याबाहेर काढण्याची पद्धत रूढ केली. पुढची दोनशे वर्षे उपचार तिथेच थांबला. अडथळा जायचा, पण प्रकाश पडद्यावर नीट एकवटणारे भिंगही त्याच्याबरोबर जायचे. त्याची भरपाई म्हणून साधारण दहा नंबरचा जाडजूड चष्मा मिळायचा. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या काचा लावलेले आजी-आजोबा महाराष्ट्रातल्या अनेक घरांनी अगदी अलीकडेपर्यंत पाहिले आहेत. त्या चष्म्यातून वस्तू सुमारे चतुर्थांशाने मोठ्या दिसत, कडेचे धड दिसत नसे, जिना उतरताना पायरीचा अंदाज चुके. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर दोन डोळ्यांना दोन आकारांची प्रतिमा दिसे. असा चष्मा हरवला किंवा फुटला, तर शस्त्रक्रिया होऊनही माणूस जवळपास आंधळाच.

रिडली कोण होते?

त्यांचा जन्म १० जुलै १९०६ रोजी इंग्लंडमधील लेस्टरशायरचा. वडील नौदलात शल्यविशारद होते आणि पुढे नेत्रतज्ज्ञ झाले. लहानपणी रिडली बोलताना अडखळत. केंब्रिज आणि लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात शिक्षण घेऊन १९३८ मध्ये ते मूरफिल्ड्स या प्रसिद्ध नेत्ररुग्णालयात तज्ज्ञ म्हणून रुजू झाले. दुसऱ्या महायुद्धात लष्करी सेवेत ते आजच्या घानामध्ये होते. नदीकाठच्या माशीमुळे पसरणाऱ्या आणि अंधत्व आणणाऱ्या रोगाचा त्यांनी तिथे केलेला अभ्यास आजही महत्त्वाचा मानला जातो. भिंगाची कल्पना सुचली नसती तरी नेत्रवैद्यकाच्या इतिहासात त्यांचे नाव राहिले असते.

कल्पना कुठून आली?

१५ ऑगस्ट १९४० रोजी ब्रिटिश हवाई दलाचे वैमानिक गॉर्डन क्लीव्हर यांच्या हरिकेन विमानावर गोळ्या झाडल्या गेल्या. कॉकपिटवरील पारदर्शक छताच्या ठिकऱ्या उडून त्यांच्या दोन्ही डोळ्यांत शिरल्या. एक डोळा गेला, दुसरा वाचला. छत पर्स्पेक्सचे होते, म्हणजे आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांना वापरतात त्या अ‍ॅक्रिलिकच्या जातीचे. क्लीव्हर यांना पुढची अनेक वर्षे तपासताना रिडली यांच्या लक्षात आले, की डोळ्यात राहिलेल्या या तुकड्यांमुळे सूज येत नाही. तुकडा हलत नसेल आणि त्याची टोके नाजूक भागाला टोचत नसतील, तर डोळा तो निमूटपणे सहन करतो.

या निरीक्षणाला दिशा दिली एका विद्यार्थ्याने. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया प्रथमच पाहणाऱ्या स्टीफन पेरी याने, काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे का घालत नाही, अशा अर्थाची शंका विचारली. प्रश्न बाळबोध होता आणि बरोबरही. रिडली यांनी रेनर या चष्म्याच्या भिंगांच्या कंपनीतील जॉन पाइक यांची लंडनमध्ये मोटारीत बसून गुप्त भेट घेतली. आयसीआय कंपनीच्या जॉन होल्ट यांनी खास शुद्ध प्रतीचे पर्स्पेक्स बनवून दिले. रेनरने नफा न घेता भिंगे बनवायचे ठरवले, रिडली यांनीही त्यातून पैसे घेतले नाहीत.

पहिल्या शस्त्रक्रियेत काय घडले?

२९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस हॉस्पिटलात एका महिलेच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढण्यात आला. त्या काळी भिंग त्याच्या आवरणासकट काढण्याची पद्धत होती. रिडली यांनी मात्र मागचे पातळ आवरण जागेवर ठेवले, कारण नवे भिंग त्याच्याच आधाराने बसणार होते. डोळा शांत झाल्यावर, ८ फेब्रुवारी १९५० रोजी भिंग कायमचे बसवले गेले. ते स्थिर राहिले. पण रुग्णाला दूरचे अजिबात नीट दिसेना, कारण भिंगाची ताकद फार जास्त झाली होती.

चूक साधी होती. नवे भिंग नैसर्गिक भिंगाच्या आकाराबरहुकूम केले होते. पर्स्पेक्स मात्र प्रकाश अधिक वाकवते. नैसर्गिक भिंगाचा अपवर्तनांक सुमारे १.४२, पर्स्पेक्सचा १.४९. सभोवतालचा द्रव १.३४ च्या आसपास असल्याने वरवर किरकोळ वाटणाऱ्या या फरकाने ताकद जवळपास दुप्पट होते. पुढच्या भिंगांचा आकार बदलून ही चूक सुधारण्यात आली. आज शस्त्रक्रियेआधी डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा बाक मोजून भिंगाचा नंबर काढतात. ती तपासणी का लागते, याचे उत्तर या पहिल्याच रुग्णात आहे.

विरोध नेमका कशाला होता?

रिडली यांनी हे काम दीड वर्षाहून अधिक काळ गुप्त ठेवले. जुलै १९५१ मध्ये ऑक्सफर्डच्या नेत्रतज्ज्ञ परिषदेत त्यांनी निष्कर्ष मांडले आणि भिंग बसवलेले रुग्णही हजर केले. त्या काळातील सर्वांत वजनदार ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ स्टुअर्ट ड्यूक-एल्डर यांनी रुग्णांना तपासायलाही नकार दिला. पुढच्या वर्षी अमेरिकेतही कठोर टीका झाली. पीटर चॉइस यांच्यासारखे मोजकेच तरुण डॉक्टर पाठीशी राहिले.

रुग्णाकडे पाहण्यास नकार देणे हे विज्ञान नव्हे, एवढे खरे. पण टीकाकारांना केवळ आडमुठे ठरवणेही अन्यायाचे होईल. अनेक डोळ्यांत सूज येत होती, काहींना काचबिंदू झाला, काहींची भिंगे घसरून डोळ्याच्या मागच्या भागात बुडाली. शस्त्रक्रियेसाठी सूक्ष्मदर्शक रूढ नव्हता, टाके जाड होते आणि भिंग आजच्या मानाने फार जड होते. निर्जंतुकीकरणासाठी वापरलेल्या रसायनाचा अंश भिंगावर राहून सूज येते, हे नंतर कळले. ती अडचण सोडवणारे फ्रेडरिक रिडली हे केवळ आडनावबंधू. शिवाय गुप्तपणे केलेला असा प्रयोग आजच्या नैतिक समितीपुढे टिकला नसता. एकामागून एक रुग्ण अडचणीत येऊ लागल्यावर रिडली यांनी स्वतःच्या रचनेची भिंगे बसवणे हळूहळू थांबवले. विरोधाचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला आणि पुढे त्यांनी नैराश्याचाही सामना केला.

मग विचार टिकला कसा?

इतर शल्यविशारदांनी भिंगाची जागा बदलून पाहिली. कुणी ते बाहुलीच्या पुढे ठेवले, कुणी बाहुलीभोवतीच्या पडद्याला अडकवले. त्यातून वेगळे त्रास उद्भवले. १९६६ मध्ये रिडली आणि चॉइस यांनी भिंग बसवणाऱ्या डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना उभारली. त्याच सुमारास अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून घेण्याचे, म्हणजे आजच्या ‘फेको’चे तंत्र आणले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात भिंग पुन्हा बाहुलीच्या मागे आले. रिडली यांनी पहिल्याच दिवशी निवडलेली जागा हीच होती. १९८१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने भिंगे सुरक्षित आणि परिणामकारक ठरवली. क्लीव्हर यांच्या उरलेल्या डोळ्यातही पुढे मोतीबिंदू झाला आणि १९८० च्या दशकात तिथे प्लास्टिकचे भिंग बसवले गेले.

भारतात मात्र अडचण किमतीची होती. आयात भिंग परवडत नसल्याने नेत्रशिबिरांत भिंग काढून चष्मा देणेच सुरू राहिले. १९९२ मध्ये मदुराईत ‘ऑरोलॅब’ सुरू झाली आणि भिंगे आयातीच्या तुलनेत कितीतरी स्वस्तात मिळू लागली. १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प राबवला गेला. डॉक्टरांना भिंग बसवण्याचे प्रशिक्षण मिळाले आणि जाड चष्मे मागे पडत गेले. स्वस्त, न दुमडणारे भिंग आजही त्याच पर्स्पेक्सच्या कुळातले आहे.

रिडली यांना मान कधी मिळाला?

१९७१ मध्ये निवृत्त होऊन रिडली सॅलिसबरीजवळच्या एका खेड्यात राहिले, नदीवर मासेमारी करत. १९८६ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. पुढे त्यांच्याही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. पहिली शस्त्रक्रिया जिथे झाली, त्याच सेंट थॉमस हॉस्पिटलात त्यांच्या दोन्ही डोळ्यांत भिंगे बसवण्यात आली. २००० मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. २५ मे २००१ रोजी, ९४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.