पाय गेले, वैमानिक परतला

ब्रिटिश वैमानिक डग्लस बेडर यांचे विमान १४ डिसेंबर १९३१ रोजी जमिनीलगत कसरत करताना कोसळले. वय अवघे २१. दोन्ही पाय कापावे लागले. उजवा गुडघ्याच्या वर, डावा गुडघ्याखाली.

हा फरक लक्षात घ्या. गुडघा शाबूत असला की कृत्रिम पाय लवकर ताब्यात येतो; नसला तर सारा भार मांडी आणि कमरेच्या स्नायूंवर. म्हणूनच फिजिओथेरपिस्ट आधी हे स्नायू बळकट करून घेतात, रुग्णाला पालथे झोपवून खुब्याचा सांधा आखडू देत नाहीत, मग तोल सावरायला शिकवतात. लंडनजवळच्या रोहॅम्प्टनला बेडर यांना धातूचे पाय बसवले, तेव्हा डावा लवकर जमला, उजव्याने छळले. पडत-धडपडत ते चालायला शिकले, तेही काठीशिवाय. (हा त्यांचा हट्ट, रुग्णांनी अनुकरण करू नये!)

१९३३ मध्ये हवाई दलाने त्यांना निवृत्त केले, १९३९ मध्ये युद्ध पेटताच परत घेतले. १९४१ मध्ये फ्रान्सवर विमानातून उडी मारताना पट्टा तुटून उजवा कृत्रिम पाय आतच राहिला. जर्मनांच्या संमतीने ब्रिटिश विमानाने नवा पाय आणून टाकला. युद्धानंतर ते पाय गमावलेल्यांना धीर देत राहिले. या कामासाठी १९७६ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले.