अबोल राष्ट्राध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज

भगिनींनो, थोर स्त्रीपुरुषांची चरित्रे आपल्या स्मरणिकांतून नेहमी येतात. जिजामाता, अहिल्याबाई, महर्षी कर्वे यांच्याविषयी लिहिणाऱ्या भगिनी माझ्याहून पुष्कळ शिकलेल्या आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा त्या वाटेला न जाता, आपल्याकडे ज्यांच्याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही अशा एका परदेशी गृहस्थांची हकीकत सांगावी असे मी ठरविले. अमेरिकेचे तिसावे राष्ट्राध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज हे ते गृहस्थ. त्यांनी कोणते युद्ध जिंकले नाही की मोठी चळवळ उभारली नाही. सरकारने खर्च कमी करावा, कर कमी घ्यावा, कर्ज फेडावे आणि लोकांच्या कामात विनाकारण लुडबूड करू नये, एवढेच त्यांचे सांगणे. महिन्याचा खर्च मिळकतीत बसविण्याची चिंता जिला आहे, तिला हा माणूस आपल्यातलाच वाटेल. पण काटकसर कुठे संपते आणि हात आखडणे कुठे सुरू होते, हा आपल्याला रोज पडणारा प्रश्न त्यांच्याही चरित्रात आहे, आणि म्हणूनच ते मला लिहावेसे वाटले.

कूलिज यांचा जन्म ४ जुलै १८७२ रोजी व्हरमाँट राज्यातील प्लिमथ नॉच या डोंगरातील लहानशा खेड्यात झाला. ४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. वडिलांचे गावात किराणामालाचे दुकान होते, शेतीही होती, आणि गावातली सरकारी कामे तेच पाहत. आई व्हिक्टोरिया प्रकृतीने नाजूक होती. कॅल्व्हिन बारा वर्षांचा असताना, १८८५ साली ती वारली. पुढे पाच वर्षांनी त्यांची एकुलती एक धाकटी बहीण अॅबी हीही गेली. आधीच लाजाळू असलेला हा मुलगा त्यानंतर अधिकच मिटून गेला. आईचे छायाचित्र त्यांनी जन्मभर जवळ बाळगले. घरात कोणी परके माणूस आले की स्वयंपाकघराचे दार ओलांडून पुढे जाणे या मुलाच्या जिवावर येई. तोच पुढे देशाचा प्रमुख झाला, याचे मला राहून राहून नवल वाटते.

अॅमहर्स्ट कॉलेजातून १८९५ साली ते पदवीधर झाले आणि मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्थॅम्प्टन गावी एका वकिलांच्या कचेरीत काम करीत कायदा शिकले. १८९७ साली त्यांना सनद मिळाली. मग गावच्या नगरपालिकेचे सभासद, नगरपालिकेचे वकील, राज्याच्या विधिमंडळाचे सभासद, नगराध्यक्ष, वरिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष, उपगव्हर्नर आणि शेवटी १९१९ साली राज्याचे गव्हर्नर, अशी एकेक पायरी ते चढत गेले. एकही पायरी गाळली नाही. मोठमोठी भाषणे नाहीत, आरडाओरडा नाही; दिलेले काम चोख करावयाचे आणि गप्प बसावयाचे, ही त्यांची रीत.

१९०५ साली त्यांचे लग्न ग्रेस गुडह्यू यांच्याशी झाले. ग्रेसबाई नॉर्थॅम्प्टनच्या क्लार्क शाळेत बहिऱ्या मुलांना शिकवीत असत. त्या हसऱ्या, बोलक्या, माणसांत रमणाऱ्या. बहिऱ्यांना ऐकावयास शिकविणाऱ्या बाईंनी आता मुक्याला बोलावयास शिकवावे, अशी थट्टा त्यांच्या लग्नाच्या वेळी झाली म्हणतात. लग्न झाल्यावर नवरदेवांनी बायकोपुढे एक पिशवी ठेवली. तिच्यात फाटलेल्या मोज्यांचे बावन्न जोड होते! मोजे रफू करून घेण्यासाठीच लग्न केलेत काय, असे ग्रेसबाईंनी विचारले. तसे नाही, पण ही सोय बरी झाली, असे उत्तर मिळाले. ही गोष्ट वाचून मला हसू आले आणि थोडा रागही आला. त्यांना जॉन आणि कॅल्व्हिन असे दोन मुलगे झाले. दोन बिऱ्हाडांच्या घराचा अर्धा भाग भाड्याने घेऊन ते राहत. गव्हर्नर झाल्यावरही ते बिऱ्हाड त्यांनी सोडले नाही.

गव्हर्नर असताना १९१९ च्या सप्टेंबरात बॉस्टन शहरातील पोलिसांनी संप केला. पगार तुटपुंजा, कामाचे तास फार, आणि संघटना करावयास मनाई, ही त्यांची गाऱ्हाणी. सुमारे अकराशे पोलीस कामावरून निघून गेले. शहरात लुटालूट झाली, माणसे मेली. कूलिज यांनी राज्याचे सैनिक बोलाविले आणि लोकांचे रक्षण ज्यांच्याकडे सोपविले आहे त्यांना संपाचा अधिकार नाही, असे कामगार पुढाऱ्यांना तारेने खडसावून कळविले. त्या एका तारेने त्यांचे नाव देशभर झाले. संपावर गेलेल्या पोलिसांना मात्र परत घेतले नाही. त्यांच्या जागी जे नवे पोलीस भरले त्यांना वाढीव पगार मिळाला. म्हणजे मागणी अवास्तव नव्हती, हे सरकारनेच मान्य केल्यासारखे झाले. शहर राखणे गव्हर्नरांचे कर्तव्यच होते, ते त्यांनी केले. पण त्या अकराशे घरांतल्या बायकांनी पुढे चूल कशी पेटविली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

१९२० च्या निवडणुकीत हार्डिंग राष्ट्राध्यक्ष झाले आणि कूलिज उपराष्ट्राध्यक्ष. १९२३ च्या ऑगस्टमध्ये कूलिज सुटीसाठी वडिलांच्या घरी प्लिमथ नॉचला आले होते. त्या घरात वीज नव्हती, टेलिफोनही नव्हता. २ ऑगस्टच्या रात्री हार्डिंग सॅन फ्रान्सिस्को येथे एकाएकी वारले. तो निरोप घेऊन माणूस मोटारीने खेड्यात पोचला तेव्हा सारे घर निजले होते. वडिलांनी जिन्यावरून मुलाला हाक मारली. कूलिज उठले, कपडे केले, गुडघे टेकून प्रार्थना केली आणि खाली आले. वडील नोटरी होते, म्हणून त्यांनीच मुलाला शपथ द्यावी असे ठरले. पहाटे २ वाजून ४७ मिनिटांनी, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, खेड्यातल्या बापाने आपल्या मुलाला एवढ्या मोठ्या राष्ट्राच्या प्रमुखपदाची शपथ दिली. जवळ ग्रेसबाई उभ्या होत्या. मग राष्ट्राध्यक्ष दिवा मालवून पुन्हा झोपावयास गेले! सकाळी राजधानीस निघताना वाटेत ते आईच्या थडग्यापाशी थांबले.

हार्डिंग यांच्या कारकिर्दीत मोठी लाचलुचपत झाली होती. सरकारी तेलाच्या जमिनी मंत्र्याने पैसे खाऊन दिल्याचे प्रकरण बाहेर आले होते. कूलिज यांनी दोन्ही पक्षांतून एकेक वकील नेमून त्याची चौकशी चालविली, आणि लोकांचा विश्वास बसू लागला. अशा वेळी घरावर आघात झाला. १९२४ च्या उन्हाळ्यात धाकटा मुलगा कॅल्व्हिन मोजे न घालता टेनिस खेळला. पायाच्या बोटाला बूट लागून फोड आला. फोडाकडे कोण लक्ष देतो? त्यातून विष अंगात भिनले. देशातले उत्तम डॉक्टर हाताशी होते, पण पेनिसिलिनचा शोध लागावयास अजून चार वर्षे होती. ७ जुलै १९२४ रोजी तो सोळा वर्षांचा मुलगा गेला. आजारी मुलाला करमावे म्हणून बापाने बागेतून ससा धरून आणून त्याला दाखविला होता, असे सांगतात. मुलाबरोबर त्या पदातले सारे वैभवही गेले, असे पुढे कूलिज यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले. भगिनींनो, आज आपल्या मुलाला असा फोड आला तर कोपऱ्यावरच्या दुकानातून गोळ्या आणून आपण निर्धास्त होतो. शंभर वर्षांपूर्वी एवढ्या मोठ्या सत्तेलाही ते शक्य नव्हते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते मोठ्या बहुमताने निवडून आले. १९२५ साली त्यांचा शपथविधी रेडिओवरून देशभर ऐकविला गेला. असा मान मिळालेला तो पहिलाच शपथविधी. ते अबोल म्हणून प्रसिद्ध, पण वार्ताहरांना मात्र ते नेमाने भेटत. अशा पाचशेहून अधिक बैठका त्यांनी घेतल्या. मेजवान्यांत मात्र तोंड उघडत नसत. तुमच्याकडून दोनापेक्षा अधिक शब्द वदवीन अशी मी पैज मारली आहे, असे एका बाईंनी त्यांना सांगितले. तेव्हा बाई हरल्या एवढेच दोन शब्दांत सांगून ते जेवू लागले, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे.

त्यांचा खरा जीव हिशेबात. अंदाजपत्रकाच्या अधिकाऱ्याबरोबर बसून ते खर्चाची बाब न् बाब तपासीत. पहिल्या महायुद्धाने देशावर कर्जाचा डोंगर झाला होता. १९२३ साली ते कर्ज सुमारे २२०० कोटी डॉलर होते, ते १९२९ पर्यंत सुमारे १७०० कोटींवर आले. कर तीन वेळा कमी केले. श्रीमंतांवरील प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर शेकडा २५ वर आला, आणि साध्या मिळकतीच्या बहुतेक लोकांना प्राप्तिकर द्यावाच लागेना. काटकसरीचे त्यांना एवढे वेड की, दक्षिण आफ्रिकेतून सिंहाचे दोन छावे भेट आले, त्यांना करकपात आणि अंदाजपत्रक खाते अशी नावे मिळाली! घरात प्राणी पुष्कळ होते. मेजवानीत शिजविण्यासाठी कोणी रॅकून नावाचा झुपकेदार शेपटीचा प्राणी पाठविला, तर या मंडळींनी त्याला न मारता रिबेका नाव ठेवून पाळले.

पण याच काटकसरीची दुसरी बाजू आहे. १९२७ साली मिसिसिपी नदीला प्रचंड पूर आला. सहा लाखांहून अधिक माणसे बेघर झाली. पूरग्रस्त भागात या, अशा विनवण्या झाल्या, पण कूलिज गेले नाहीत. आपले मंत्री हूवर यांना त्यांनी पाठविले. राष्ट्राध्यक्ष गेले की सरकारी खजिना सताड उघडावा लागेल, अशी त्यांना भीती होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांच्या स्वतःच्या व्हरमाँटमध्येही पूर आला. तिथेही ते लगेच धावले नाहीत, पुढच्या वर्षी गेले. म्हणजे आपपरभाव केला नाही, हे खरे. तरीसुद्धा मला वाटते, शेजारच्या घरात पाणी शिरले असता आपण पैसे नाही देऊ शकलो तरी दारात जाऊन उभे राहतो. त्याला खर्च येत नाही. शेतकऱ्यांना भाव बांधून देणारा कायदाही त्यांनी दोनदा नाकारला. शेतकरी त्या काळात फार हलाखीत होते.

१९२४ साली दोन कायद्यांवर त्यांची सही झाली. एकाने अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना, ज्यांना तिकडे इंडियन म्हणतात त्यांना, नागरिकत्व मिळाले. दुसऱ्याने बाहेरून येणाऱ्यांची संख्या घटविली आणि आशियातील लोकांना दार बंद केले. जपान्यांना वगळणारे कलम त्यांना पसंत नव्हते, तरी सही केली. आपल्या हिंदुस्थानी लोकांना तर १९१७ पासूनच तिथे मज्जाव होता. १९४६ साली वर्षाला शंभर हिंदी माणसांना परवानगी मिळाली आणि १९६५ नंतर दार खऱ्या अर्थाने उघडले. आज जिकडे तिकडे अमेरिकेत मराठी मंडळे आहेत, पण तिथला रस्ता पूर्वी किती अरुंद होता हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

२ ऑगस्ट १९२७ रोजी कूलिज यांनी वार्ताहरांच्या हाती कागदाच्या चिठ्ठ्या दिल्या. १९२८ ची निवडणूक आपण लढविणार नाही, एवढेच त्यांवर एका वाक्यात होते. निवडून येण्याची खात्री असताना सत्ता सोडणारा माणूस विरळा. पण गंमत अशी की, ही गोष्ट त्यांनी ग्रेसबाईंनाही आधी सांगितली नव्हती! त्यांना ती जेवणाच्या वेळी पाहुण्याकडून कळली. ग्रेसबाईंनी ते हसून घेतले. मला ते तितके हसण्यासारखे वाटत नाही. मौन हा गुण खरा, पण घरच्या माणसाशी तरी त्याला अपवाद असावा.

१९२९ च्या मार्चमध्ये ते पुन्हा नॉर्थॅम्प्टनच्या त्याच भाड्याच्या घरात परतले. पुढे सात महिन्यांत शेअरबाजार कोसळला आणि महामंदी आली. सट्ट्याला आळा घालावयास हवा होता, कूलिज स्वस्थ बसले, असा दोष पुष्कळांनी दिला. कोणी म्हणतात, मंदीची कारणे अनेक होती, एकट्याच्या माथी मारू नये. विद्वानांचा हा वाद अजून चालू आहे. १९८१ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी मंत्रिमंडळाच्या खोलीत त्यांचे चित्र मुद्दाम लावले, म्हणजे त्यांना मानणारेही पुष्कळ आहेत.

५ जानेवारी १९३३ रोजी ग्रेसबाई बाजारातून आल्या आणि पतीला जेवावयास बोलावण्यासाठी वर गेल्या, तर ते हृदयविकाराने गेलेले होते. वय अवघे साठ. त्यांचे मृत्युपत्र एका वाक्याचे निघाले : सर्व मालमत्ता पत्नीला. प्लिमथ नॉचच्या टेकडीवर, आपल्या माणसांच्या रांगेत, साध्या दगडाखाली त्यांना ठेवले आहे. ग्रेसबाई पुढे चोवीस वर्षे जगल्या आणि बहिऱ्या मुलांच्या त्या शाळेसाठी अखेरपर्यंत झटल्या. १९५७ साली त्या गेल्या.

माझ्या मते कूलिज यांच्याकडून हिशेब शिकावा, पद वेळेवर सोडणे शिकावे, आणि लोकांचा पैसा हा लोकांच्या घामाचा असतो ही जाणीव शिकावी. पण पुरात सापडलेल्या माणसाशी आणि घरच्या माणसाशी कसे वागावे, हे शिकण्यासाठी ग्रेसबाईंकडे पाहावे. आपल्या मंडळातही वर्गणीची पै न् पै वहीत लिहिली जाते, आणि कोणाकडे अडचण आली की वही मिटून आपण आधी तिच्या घरी जातो. ही रीत अशीच चालू राहो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेते.