माशांचे शास्त्रज्ञ जे. एल. बी. स्मिथ

जे. एल. बी. स्मिथ यांचा जन्म २६ सप्टेंबर १८९७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ग्राफ-रिनेट या गावी झाला. त्यांना लहानपणापासून गळ टाकून मासे धरायचा भारी नाद होता. मोठेपणी ते इंग्लंडला केंब्रिज येथे शिकले. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात होते. तिथे त्यांना हिवताप झाला आणि तब्येत कायमची नाजूक झाली. पण त्यांनी काम कधी सोडले नाही.

ते ग्रॅहम्सटाउन या गावी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. सुट्टी लागली की समुद्रावर जात आणि माशांचा अभ्यास करत. समुद्र केवढा मोठा! एकटा माणूस किती मासे बघणार? म्हणून ते कोळ्यांकडे आणि बोटवाल्यांकडे चौकशी करत.

ईस्ट लंडन नावाचे एक बंदर दक्षिण आफ्रिकेतच आहे. तिथल्या लहानशा संग्रहालयात कुमारी मार्जोरी कोर्टने-लॅटिमर काम करत. जाळ्यात वेगळा मासा आला तर ठेवून द्या, असे त्यांनी बोटवाल्यांना सांगून ठेवले होते. २२ डिसेंबर १९३८ रोजी हेन्ड्रिक गूसेन या कप्तानाची बोट बंदराला लागली. त्यांनी चालुम्ना नदीच्या मुखाजवळ जाळे ओढले होते. बोटीवर माशांचा ढीग होता. त्याच्या खालून एक निळा पर दिसला. ढीग बाजूला केला तर काय! दीड मीटर लांब, ५७ किलो वजनाचा निळा मासा! त्याचे खवले जाड होते आणि पर हातापायांसारखे मांसल होते.

मासा नेताना टॅक्सीवाला वासाने कुरकुर करू लागला. बर्फघरवाल्यांनीही मासा ठेवून घेतला नाही. तिकडे डिसेंबरात उन्हाळा असतो, त्यामुळे मासा सडू लागला. शेवटी आतला भाग टाकून द्यावा लागला आणि कातडे भरून ठेवले. लॅटिमरबाईंनी माशाचे चित्र काढून स्मिथ यांना पत्र धाडले. ते त्यांना ३ जानेवारी १९३९ ला मिळाले. त्यांनी लगेच तार केली की हाडे आणि कल्ले जपून ठेवा. पण तार पोचेपर्यंत उशीर झाला होता.

चित्र बघून स्मिथ चकित झाले होते. तो मासा सीलाकँथ होता! शास्त्रज्ञांना तो फक्त दगडात उमटलेल्या ठशांवरून ठाऊक होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर संपले तेव्हाच तोही संपला, असे सगळे मानत. स्मिथ यांनी फेब्रुवारीत स्वतः मासा पाहिला आणि खात्री केली. माशाच्या शास्त्रीय नावात त्यांनी लॅटिमरबाईंचे आणि चालुम्ना नदीचे नाव घातले. बाईंचे नाव त्यामुळे जगभर झाले.

पण स्मिथ यांना चैन पडेना. माशाच्या पोटात काय असते ते कळलेच नव्हते. त्यांना दुसरा अख्खा मासा पाहिजे होता. मग त्यांनी एक युक्ती केली. माशाचा फोटो घालून इंग्रजी, फ्रेंच आणि पोर्तुगीज अशा तीन भाषांत पत्रके छापली. मासा देणाऱ्याला १०० पौंड बक्षीस! मासा कापू नका, साफ करू नका, तसाच ठेवा, असेही त्यात सांगितले. पत्नी मार्गारेट यांच्याबरोबर ते आफ्रिकेच्या किनाऱ्याने फिरले. मार्गारेटबाई माशांची सुंदर चित्रे काढत. १९४९ साली स्मिथ यांचे माशांवरचे मोठे पुस्तक निघाले. पण सीलाकँथ काही सापडेना. एक नाही, दोन नाही, चौदा वर्षे गेली!

एरिक हंट नावाच्या एका कप्तानाने ती पत्रके कोमोरो बेटांवर नेली. डिसेंबर १९५२ मध्ये अंजुआन बेटावरचे कोळी अहमदी अब्दल्ला यांच्या गळाला रात्री मोठा मासा लागला. सकाळी त्यांनी तो बाजारात आणला. आता मासा साफ होणार, तेवढ्यात कोणी ओळखला? एका शाळामास्तरांनी! त्यांचे नाव अफान मोहम्मद. त्यांनी पत्रक पाहिले होते. मग माणसांनी तो जड मासा डोंगर ओलांडून हंट यांच्याकडे पोचवला. हंट यांनी त्याला औषध टोचले आणि स्मिथ यांना तार केली.

स्मिथ यांना घाई झाली, कारण मासा सडला तर सगळे फुकट. त्यांनी देशाच्या पंतप्रधानांना फोन करून विमान मागितले आणि ते मिळाले! मासा बघताच त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. अहमदी यांना बक्षीस मिळाले.

आता खरी गंमत ऐका. कोमोरोच्या कोळ्यांना हा मासा नवा नव्हताच. ते त्याला गोंबेसा म्हणत. तो अधूनमधून गळाला लागे. आपल्याकडे पंक्चर काढताना ट्यूब कानशीने घासतात ना, तिकडे त्याच्या खरखरीत खवल्याने घासत, असे सांगतात. म्हणजे सगळे जग म्हणत होते मासा संपला, आणि कोळ्यांना तो ठाऊक होता! पण त्यांना विचारायला आधी कोणी गेले नव्हते. आणि तो इतका जुना आहे, हे कोळ्यांनाही कोणी सांगितले नव्हते.

स्मिथ यांना वाटे की हा मासा परांवर समुद्राच्या तळाशी चालत असेल. १९८७ साली शास्त्रज्ञांनी लहान पाणबुडीतून तो जिवंत पाहिला. तेव्हा कळले की तो चालत नाही, पर हलवत हळूहळू पोहतो. पण ते बघायला स्मिथ नव्हते. १९६८ साली ते वारले. त्यांच्या नावाने ग्रॅहम्सटाउनला माशांच्या अभ्यासाची संस्था निघाली आणि मार्गारेटबाई तिच्या पहिल्या प्रमुख झाल्या. आता सीलाकँथ फार थोडे उरले आहेत, म्हणून त्यांच्या व्यापाराला बंदी आहे.

मित्रांनो, स्मिथ फार शिकलेले होते, तरी ते कोळ्यांना विचारायला लाजले नाहीत. म्हणून आपणही शाळेत शिकावे आणि घरी आईवडिलांना, आजोबांना विचारावे. त्यांना जे ठाऊक असते ते सगळेच पुस्तकात नसते. आणि पुस्तकात जे असते ते आपण त्यांना वाचून दाखवावे.

– एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी