यंत्राची शक्ती ओळखणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर

सोलापूर : यंत्र कितीही उत्तम असले, तरी त्याला फिरविणारे साधन निकामी झाले की कारखान्याचे काम थांबते. बदली भाग परदेशातून येणार असेल, तर ही प्रतीक्षा महिनोन् महिने लांबते. ही परावलंबी अवस्था संपविण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या मराठी उद्योजकांत लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. मात्र काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना उमगत नसल्याचे निष्पन्न झाले. रंगांचा मार्ग बंद झाल्यावर त्यांनी यांत्रिक रेखाटनाची कास धरली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकविला. यंत्र उघडून त्याच्या भागांची मापे घेण्याची सवय त्यांना तेथे जडली. हक्काची बढती डावलली गेल्यावर त्यांनी नोकरी सोडून बेळगाव गाठले.

बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी तेथे सायकलींचे दुकान चालविले. त्यापाठोपाठ कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर त्यांच्या कारखान्यात तयार होऊ लागले. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे शेतकरी नांगराकडे फिरकेनात. लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही. नांगर बैलांच्या ताकदीला झेपला पाहिजे, आपल्या मातीत टिकला पाहिजे आणि झिजलेला फाळ सहज बदलता आला पाहिजे, याचा ते विचार करीत राहिले. यंत्र, त्याला चालविणारी शक्ती आणि त्याचा सुटा भाग यांचा एकत्रित विचार हेच त्यांच्या पुढील कार्याचे सूत्र ठरले.

वसाहतीच्या विस्तारासाठी बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची जमीन देऊ केली. १९१० मध्ये निवडुंगाने व्यापलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. सोलापुरात जन्मलेले त्यांचे पुतणे शंकरराव याच वाडीत आले आणि 'किर्लोस्कर' मासिकाचे संपादक म्हणून नावारूपास आले.

पहिल्या महायुद्धात आयात मंदावली. कोळशापासून रंगापर्यंत साऱ्याची टंचाई झाली. त्या वेळी स्थानिक पर्याय शोधून कारखाना सुरू ठेवावा लागला. नांगराबरोबर उसाचे चरक आणि पंप तयार होत गेले. परंतु ही यंत्रे घडविणारे लेथ मात्र मुख्यतः परदेशी होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून शिकून आलेले पुत्र शंतनुराव यांच्या साथीने ही उणीव दूर करण्याचे प्रयत्न झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर कंपनी स्थापन झाली. तेथे लेथ तयार होऊ लागले. १९४६ मध्ये बंगळूरला विजेच्या मोटारींसाठी किर्लोस्कर इलेक्ट्रिक, तर पुण्यात इंजिनांसाठी किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपन्या उभ्या राहिल्या.

या टप्प्याचे महत्त्व गिरण्यांच्या सोलापूरला विशेष कळावे. वाफेच्या युगात एकच मोठे इंजिन लांब दांड्यांच्या आणि चामडी पट्ट्यांच्या साह्याने असंख्य यंत्रे फिरवी. ते थांबले की खातेच्या खाते थांबे. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटार बसू लागल्यावर बिघाड एका यंत्रापुरता मर्यादित राहिला. त्याच वेळी, कोणत्या यंत्राला कोणती मोटार, हा नवा प्रश्न कारखानदारांपुढे उभा राहिला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. हरिहरचा लेथ कारखाना पुढे बंद पडला. किर्लोस्कर फेरसचा ओतकामाचा कारखाना मात्र सोलापुरात कार्यरत आहे. संगणक नियंत्रित यंत्रे लक्ष्मणरावांना पाहावयास मिळाली नाहीत. आज लहान सीएनसी मिलिंग यंत्राच्या स्पिंडलची सर्व्हो मोटार जळाली, तर केवळ अश्वशक्ती पाहून दुसरी घेता येत नाही. कमी वेगात पोलादाची कापणी करण्याइतका पीळ, कमाल फेरे, दांड्याचा व्यास, बसविण्याच्या छिद्रांचे अंतर, एन्कोडरचा प्रकार आणि जुन्या ड्राइव्हशी जुळणी, या साऱ्याची पडताळणी करावी लागते. जुना ड्राइव्ह नव्या मोटारीला ओळखत नसेल, तर दोन्ही बदलण्याचा खर्च लघुउद्योजकाच्या माथी येतो. अशा वेळी आधी कामाची गरज मोजावी, मग शक्ती निवडावी आणि बदली भाग आपल्या आवाक्यात ठेवावा, ही नांगरापासून जपलेली लक्ष्मणरावांची रीत आजही तितकीच उपयोगी पडते.