कार्बनचा माग काढणारा फ्रेड

आपल्या शरीरातला कार्बन, रक्तातलं लोह, श्वासातला ऑक्सिजन हे सगळं कधीकाळी कुठल्या तरी ताऱ्याच्या पोटात तयार झालं, ही गोष्ट आता इन्स्टाच्या रीलवरही सापडते. पण ज्या माणसाने ती गणिताने मांडून दाखवली, तो त्या रीलमध्ये सहसा नसतो. त्याचं नाव फ्रेड हॉईल. आणि गंमत म्हणजे, विश्वाच्या जन्माबद्दल हा माणूस आयुष्यभर हरलेल्या बाजूने भांडला.

इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या बिंग्ली गावाजवळ गिल्स्टेड नावाचं खेडं आहे. फ्रेडचा जन्म तिथला, २४ जून १९१५ चा. वडील लोकरीच्या कापडाच्या धंद्यात. आई संगीत शिकलेली. शाळा या प्रकाराशी फ्रेडचं सुरुवातीपासूनच जमलं नाही, दांड्या मारण्यात तो पटाईत. एकदा बाईंनी वर्गात सांगितलं, की अमुक फुलाला पाच पाकळ्या असतात. फ्रेडने सहा पाकळ्यांचं फूल शोधून आणलं आणि बाईंसमोर धरलं. बक्षीस म्हणून कानाखाली बसली. पुढे तो कान अधू झाला तेव्हा त्याचं खापर त्याने त्याच थपडेवर फोडलं. हा किस्सा लक्षात ठेवा, कारण त्याचं पुढचं सगळं आयुष्य याच किश्श्याच्या आवृत्त्या काढण्यात गेलं.

१९३३ मध्ये तो केंब्रिजला गणित शिकायला गेला. दुसऱ्या महायुद्धात नौदलासाठी रडारवर काम केलं. त्याच कामासाठी १९४४ च्या अखेरीस हॉईल अमेरिकेला गेले आणि वाट वाकडी करून कॅलिफोर्नियात खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांना भेटले. बाडेंनी त्यांना फुटणाऱ्या ताऱ्यांविषयी, म्हणजे सुपरनोव्हांविषयी सांगितलं. तारा कोसळतो तेव्हा त्याच्या पोटातलं तापमान किती चढत असेल? तेवढ्या उष्णतेत काय काय शिजू शकेल? हे प्रश्न हॉईल यांच्या डोक्यात बसले. १९४६ मध्ये त्यांचा पहिला निबंध आला : जड मूलद्रव्यं हायड्रोजनपासून ताऱ्यांत बनतात.

इथे थोडं अकरावी-बारावीत जाऊ. (आर्ट्सवाल्यांनी पळून जाऊ नये, मीही मास कॉमचीच आहे.) मूलद्रव्य कुठलं, हे अणूच्या केंद्रकातले प्रोटॉन ठरवतात. एक प्रोटॉन म्हणजे हायड्रोजन, दोन म्हणजे हेलियम, सहा कार्बन, आठ ऑक्सिजन, सव्वीस लोह. बाहेर असतात ते इलेक्ट्रॉन. केमिस्ट्रीचा सगळा व्यवहार तेच बघतात, पण त्यांतला एखादा गेला-आला तरी मूलद्रव्य तेच राहतं. प्रोटॉनची संख्या बदलली की मात्र नावच बदलतं. अडचण अशी, की दोन प्रोटॉन एकमेकांना दूर ढकलतात. ते अगदी खेटले तरच केंद्रकीय बल त्यांना धरून ठेवतं. तेवढं खेटायला भन्नाट वेग हवा, आणि वेग हवा म्हणजे तापमान हवं. सूर्याच्या गाभ्यात ते सुमारे दीड कोटी अंश आहे. त्यात हायड्रोजनचा हेलियम होतो. पुढचं काही होण्यासाठी तेवढं पुरत नाही.

जॉर्ज गॅमॉव्ह यांचं म्हणणं होतं, की सगळी मूलद्रव्यं विश्वाच्या सुरुवातीच्या काही मिनिटांतच बनली. हॉईल यांना ही सुरुवातच मान्य नव्हती. १९४८ मध्ये त्यांनी, आणि त्यांचे मित्र हर्मन बाँडी व थॉमस गोल्ड यांनी, स्थिर स्थिती सिद्धांत मांडला : विश्व प्रसरण पावतं, पण त्याला आरंभ नाही, नवं द्रव्य हळूहळू निर्माण होत राहतं. मग १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना विरोधकांच्या कल्पनेला त्यांनी एक नाव दिलं. बिग बँग! रेडिओच्या श्रोत्यांपुढे चित्र उभं राहावं म्हणून वापरलेले दोन शब्द. आपण चिडवायला म्हणून ते वापरले नव्हते, असं ते नंतर सांगत राहिले. काही असो, विरोधी पक्षाचं ब्रँडिंग इतकं फुकटात क्वचितच कोणी करून दिलं असेल.

पण आरंभ नाकारला, की मूलद्रव्यं शिजवायला भट्टी उरते एकच : तारे. त्यामुळे हॉईल यांना ताऱ्यांकडूनच सगळा हिशेब काढून घ्यावा लागला. आणि तो कार्बनपाशी अडला.

हेलियमची दोन केंद्रकं जुळली तर बेरिलियम-८ बनतं. ते टिकत नाही. किती टिकत नाही? एका सेकंदाचे कोटी भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा कोटी, आणि त्यातल्या एकाचे शंभर. जेमतेम तेवढंच त्याचं आयुष्य. एवढ्यात तिसरा हेलियम येऊन धडकला तर कार्बन. हा मार्ग एडविन सालपीटर यांनी १९५२ मध्ये दाखवला होता, पण हॉईल यांनी आकडे घातले तर कार्बन अगदीच कमी निघत होता. आणि जगात तर तो भरपूर आहे!

केंद्रकात ऊर्जा हवी तेवढी भरता येत नाही. लिफ्ट मजल्यावरच थांबते, तसं. हॉईल यांनी उलटा विचार केला : कार्बन आहे, आपण आहोत, म्हणजे कार्बनच्या केंद्रकात ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास एक मजला असलाच पाहिजे. तो असेल तर धडक नेमकी तिथे बसते आणि काम कितीतरी पटींनी सोपं होतं. १९५३ मध्ये ते कॅल्टेकला विल्यम फाऊलर यांच्या प्रयोगशाळेत हे घेऊन गेले. एका खगोलवाल्याने येऊन अणुकेंद्रकाबद्दल सांगावं? तिथल्या लोकांना ते फारसं पटलं नव्हतं. तरीही वॉर्ड व्हेलिंग आणि सहकाऱ्यांनी मोजून पाहिलं. मजला सापडला. आजही त्याला हॉईल पातळी म्हणतात. सहा पाकळ्यांचं फूल, दुसऱ्यांदा. या वेळी कानाखाली कोणी मारली नाही.

पुढचं भराभर झालं. १९५७ मध्ये मार्गारेट व जेफ्री बर्बिज, फाऊलर आणि हॉईल यांचा शंभरहून जास्त पानांचा निबंध आला. कार्बनपासून लोहापर्यंत आणि लोहाच्या पुढे युरेनियमपर्यंत कोणतं मूलद्रव्य ताऱ्यांत कसं घडतं, याचा तो पहिला सविस्तर नकाशा. लोहापर्यंत जोडणीतून ऊर्जा सुटते. त्यापुढे ती उलट खर्च होते, तिथे न्यूट्रॉन गिळून केंद्रकं वाढतात. पुरावाही हाताशी होता : १९५२ मध्ये पॉल मेरिल यांना काही लाल ताऱ्यांत टेक्नेशियम दिसलं होतं. हे मूलद्रव्य जास्तीत जास्त काही दशलक्ष वर्षांच्या हिशेबाने विरत जातं, आणि तारे त्याहून खूप म्हातारे. म्हणजे ते तिथेच बनतंय.

त्याच वर्षी जयंत नारळीकर केंब्रिजला पोहोचले. १९६० पासून त्यांनी हॉईल यांच्या हाताखाली संशोधन केलं, आणि १९६४ मध्ये दोघांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. पुण्याच्या आयुकाचे हे संस्थापक म्हणजे हॉईल यांचे थेट शिष्य. आपल्या मराठी विज्ञानकथेलाही तिथली थोडी हवा लागली असेल का? कारण हॉईल स्वतः कादंबऱ्या लिहायचे, ‘द ब्लॅक क्लाऊड’ १९५७ चीच.

१९६४ मध्येच हॉईल यांनी रॉजर टेलर यांच्याबरोबर हेलियमचा हिशेब केला. विश्वात हेलियम इतका आहे, की ताऱ्यांनी एवढा बनवणं अवघड. त्यासाठी सुरुवातीची उष्णताच हवी, किंवा मग अवाढव्य कुठल्या तरी वस्तू. म्हणजे बिग बँगच्या बाजूचा एक मोठा पुरावा त्यांच्याच वहीत होता! पुढच्या वर्षी विश्वाच्या जन्मकाळचं प्रारण सापडलं आणि बहुतेकांनी स्थिर स्थिती सोडली. हॉईल यांनी नाही सोडली. आज आपण मानतो ते असं : हायड्रोजन आणि बहुतेक हेलियम बिग बँगमधला, कार्बनपासून पुढचं ताऱ्यांचं. अर्धं गॅमॉव्ह यांचं, अर्धं हॉईल यांचं.

१९७२ मध्ये विद्यापीठातल्या राजकारणाला कंटाळून त्यांनी केंब्रिज सोडलं. १९७४ चं नोबेल पल्सारच्या शोधासाठी दिलं गेलं, पण पहिला पल्सार ज्या विद्यार्थिनीने टिपला त्या जोसेलिन बेल यांना वगळून. त्यावर ते जाहीरपणे बोलले. नंतर फ्लूचे विषाणू अंतराळातून येतात, आर्किओप्टेरिक्सचा जीवाश्म बनावट आहे, असली विधानंही केली. ती टिकली नाहीत. प्रत्येक सहावी पाकळी खरी नसते.

१९८३ चं नोबेल मूलद्रव्यांच्या निर्मितीसाठी फाऊलर यांना मिळालं, चंद्रशेखर यांच्यासोबत विभागून. हॉईल यांना नाही. मला विचाराल तर हे अन्यायाचंच आहे, कारण पाया १९४६ चा आणि कार्बनचा मजलाही त्यांचाच. नोबेलची कागदपत्रं ५० वर्षं बंद राहतात, तेव्हा कारण कळलंच तर आपण चाळिशीच्या आत असू.

१९९७ मध्ये त्यांना सालपीटर यांच्यासोबत क्राफूर्ड पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ८२ वर्षांचे हॉईल गावाजवळच्या घळीत चालताना कोसळले, शोधपथकाच्या कुत्र्यांना बारा तासांनी सापडले, आणि वाचले. २००० मध्ये जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांच्यासोबत त्यांचं पुस्तक आलं. विषय : बिग बँगला पर्याय. २० ऑगस्ट २००१ ला ते गेले.