पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक आणि केडगाव येथील मुक्ती मिशनच्या संस्थापक होत्या. निराधार स्त्रिया, दुष्काळात पोरक्या झालेल्या मुली आणि अंध यांच्यासाठी त्यांनी केलेले कार्य विशेष महत्त्वाचे मानले जाते.

पूर्वायुष्य

वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले, म्हणून त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. रमाबाईंचा जन्म कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थक्षेत्रे फिरत असे. १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील व बहीण यांचा अंत झाला. रमाबाई आणि बंधू श्रीनिवास अर्धपोटी, पायी, देशभर हिंडले. पुढील आयुष्यातील अनेक निर्णयांचे मूळ या उपासमारीत शोधावे लागते.

१८७८ मध्ये कलकत्त्यातील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बंधूंचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. १८८२ मध्ये पती पटकीने वारले. त्या वेळी कन्या मनोरमा तान्ही होती. त्यानंतर पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला.

धर्मांतर आणि शारदा सदन

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. लंडनजवळच्या फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांची या भगिनी करीत असलेली शुश्रूषा त्यांनी पाहिली. अशा स्त्रियांना जवळ करणारा धर्म त्यांना विचारप्रवृत्त करून गेला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र धर्मगुरूंचे प्रत्येक मत त्यांनी निमूटपणे स्वीकारले नाही. अनेक प्रश्नांवर त्यांनी त्यांच्याशी वाद घातला.

अमेरिकेत निधी उभारून ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. संस्थेत धर्मप्रसार होणार नाही, असे ठरले होते. परंतु काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या आणि १८९३ मध्ये वादळ उठले. 'केसरी'ने टीका केली, रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. पालकांचा संशय अगदीच निराधार होता असे म्हणता येत नाही; पण त्याच सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी त्या वर्षी धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला, हेही विसरता येत नाही.

दुष्काळ आणि मुक्ती

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि उपाशी, रोगग्रस्त, बेवारस मुली शेकड्यांनी घेऊन आल्या. अशा मुलींना फूस लावून नेणारे लोकही दुष्काळी भागात फिरत असत, त्यामुळे दिरंगाईला वाव नव्हता. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने त्यांना शहरात ठेवणे अशक्य झाले. केडगाव (ता. दौंड) येथील शेतजमिनीवर झोपड्या उभारून त्यांची सोय करण्यात आली. अन्नाआधी औषध द्यावे लागे अशी कित्येकींची अवस्था होती. काही जणी वाचल्या नाहीत. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि रहिवाशांची संख्या दीड हजारांवर गेली.

विहिरी खोदल्या गेल्या, शेती व विणकाम सुरू झाले, छापखानाही मुलीच चालवू लागल्या. अंधांना ब्रेल लिपी शिकवली जाई. अत्याचारित स्त्रियांसाठी 'कृपा सदन' निघाले. फुलहॅमची आठवण येथे स्पष्ट दिसते. मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती होते. आश्रयाबरोबर धर्मही दिला जातो, ही टीका रमाबाईंवर अखेरपर्यंत होत राहिली.

अखेरची वर्षे

हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. अल्पशिक्षित बायकांना ते समजावे हा हेतू होता. १९१९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले. कामाची वारसदार असलेली मनोरमा १९२१ मध्ये वारली. त्यानंतर वर्षभरातच केडगाव येथे रमाबाईंचे निधन झाले. मुक्ती मिशनचे कार्य आजही तेथे चालू आहे.