डॉ. शिरोडकर आणि अपुऱ्या दिवसांची बाळे

काळाचौकीतल्या आपणा पुष्कळजणींची बाळंतपणे परळच्या वाडिया हॉस्पिटलात झाली. काचेच्या पेटीतले बाळ ज्या घराने पाहिले आहे, त्या घराला अपुरे दिवस म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. बाळावर ती पेटी पाहण्याची वेळच येऊ नये म्हणून ज्यांनी बुद्धी खर्चली, ते डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. मी सातवीपर्यंत शिकलेली, मला डॉक्टरी काय कळणार! पण हे काम टाक्याचे आहे, आणि टाका बाईमाणसाला कळतो.

डॉक्टरांचा जन्म १८९९ साली गोव्यात शिरोडे गावी झाला. शाळा हुबळीस झाली. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते १९२३ साली डॉक्टर झाले, १९३१ साली विलायतेची एफ. आर. सी. एस. मिळवली आणि पुढे त्याच कॉलेजात प्राध्यापक झाले.

त्यांच्याकडे अशा बायका येत, की दिवस जात, तिसरा महिना सुखरूप पार पडे, आणि पाचव्या-सहाव्यात फारसे दुखले-खुपले नसताना मूल जाई. एकदा नव्हे, चार-चार वेळा. अशा बाईला आपल्यात काय काय ऐकावे लागते! दुसरीच्या ओटीभरणालाही तिला बोलवीत नाहीत. डॉक्टरांनी ओळखले, की हा नशिबाचा दोष नव्हे. बटव्याची नाडी सैल असावी तसे गर्भाशयाचे तोंड वेळेआधी उघडते. त्यांनी त्या बाईच्याच मांडीतली चिवट पट्टी काढली आणि त्या तोंडाभोवती ओवून बांधली. १९५५ साली ही रीत त्यांनी छापून प्रसिद्ध केली.

चार आठवडे जास्त मिळाले तर एवढे काय, असे कोणी म्हणेल. बाळाच्या फुप्फुसातले बारीक फुगे मिटू नयेत म्हणून आत एक स्निग्ध द्रव्य लागते, ते शेवटच्या महिन्यांतच पुरेसे होते. ते कमी पडले की बाळ कण्हते, छाती आत ओढते. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच विकाराने ३९ तासांत गेला. एवढ्या मोठ्या घरचे, पण उपाय चालला नाही.

दुसरे संकट काविळीचे. कच्चे यकृत पिवळे द्रव्य बाहेर टाकू शकत नाही. ते फार साठले तर मेंदूला आणि कानांना इजा होते. पहिल्याच दिवशी बाळ पिवळे दिसले, किंवा पिवळेपणा तळपायांपर्यंत उतरला, तर कोवळ्या उन्हात धरून बसू नये, तडक इस्पितळात न्यावे. तेथे निळ्या उजेडाखाली ठेवतात.

सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही, असे माझ्या सासूबाई म्हणत. ते मला पटत नाही. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या कामीच येतो.

हा टाका सर्वांना लागू नाही. तोंड सैल असेल तिलाच घालतात. आता मांडीची पट्टी सहसा घेत नाहीत, चिवट धागा किंवा फीत वापरतात, आणि नववा महिना लागला की सोडवतात.

डॉक्टरांना १९६० साली पद्मभूषण आणि १९७१ साली पद्मविभूषण मिळाले. त्याच वर्षी ७ मार्चला ते वारले. परदेशातले डॉक्टरही त्या टाक्याला शिरोडकर टाका असेच म्हणतात.